अक्काचे उपास

माझ्या बहिणीचा कॅन्सर देवाच्या प्रसादाने सापडला.

तिथीने आज तिला जाऊन बरीच वर्षं झाली. लिहावंसं वाटलं.

पोलादपूरच्या वर, उमरठच्या बाजूला आमची वाडी. आई-वडील लवकर गेले. भावोजी गेल्यावर अक्का माहेरी आली आणि माझ्यासाठी राहिली.
घरात आम्ही दोघं आणि म्हशी. मी महाडच्या एमआयडीसीत कामाला जायचो.

अक्का पहिल्यापासून सोमवार धरायची. दोन हजार सालाच्या आसपास त्यात गुरुवार आला. मग शनिवार. संकष्टी, एकादशी होत्याच.
उपासाला फक्त दूध. वरीसुद्धा नाही.

वाडीत तिचं कौतुक व्हायचं. शेजारची सुमनकाकी मस्करी करायची, "गो, देवाला तरी एक दिवस सुट्टी दे!"
अक्का म्हणायची, "तो कंटाळला की सांगेल मला."

ती वाळत चालली होती. पण विधवा बाई, डोंगरात राबणारी, उपास करणारी. वाळणारच, असं सगळ्यांना वाटायचं.
मला तर तिचा हेवा वाटायचा. माझ्या भक्तीच्या मध्ये नेहमी भूक यायची.

चैत्रात ग्रामदेवाची पालखी दारात आली. भर दुपार. गुरवाने तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. अक्का तो पदराला बांधायला लागली.
"बांधतेस काय गो? देव उभा हाय दारात. तोंडात घाल," काकी म्हणाली.
तिने घातला.

तो खाली उतरलाच नाही.

पाणी दिलं, ते परत आलं. केळं दिलं, तेही. कुणी पाठीत थापट्या मारल्या. मग थुंकीसुद्धा गिळता येईना. ती छातीवर बोट ठेवून मला दाखवत राहिली. इथे. इथे.

ढोल थांबले. पालखीबरोबरच्या माणसांनी चादरीची डोली केली आणि तिला खाली रस्त्याला आणलं. तिथून जीप. पोलादपूरच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर महाडला पाठवलं.

महाडच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तुकडा काढला. नंतर मला आत बोलावलं.
"एवढ्याशा खोबऱ्याने वाट बंद होत नाही. आत गाठ आहे," ते म्हणाले. मग अक्काकडे वळले. "बाई, घास अडकतो असं कधीपासून?"
"मला उपास असतात."
"कोणते?"
तिने सगळे सांगितले.
"मग जेवता कधी?"
अक्काने माझ्याकडे बघितलं.

परत येताना जीपमध्ये बोलली.
"भाकरी जायची नाय रे. वाटलं, पित्त असेल. उपासाच्या दिवशी बरं वाटायचं. कुणी जेव म्हणायचं नाय. म्हटलं, देवच जवळ बोलावतोय. म्हणून वाढवले."

मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. स्टेज पुढची होती. नाकातून नळी घालून घरी पाठवलं.
मी पेज गाळून नळीतून सोडायचो. ती भांड्याकडे बघत राहायची.

एकदा मी चिडून म्हणालो, "इतके उपास केलेस. देवाने काय दिलं तुला?"

"असं बोलू नये रे. तुला दिसलं नाय, मला कळलं नाय. त्यानंच दारात येऊन दाखवलं."
मग म्हणाली, "जरा उशिरा आला, एवढंच."

देवळात जायचं मी तरीही सोडलं नाही.

जाण्याआधी तिने जवळ बसवलं.
"माझ्यामागे उपास धरू नको. एकट्या माणसाच्या ताटात कुणी बघत नाय. तू रोज जेव."

पाऊस सरता सरता अक्का गेली.

माझं लग्न राहून गेलं. वाडीतली बरीच घरं आता कुलपात असतात. पालखी अजून येते. खोबरं हातावर पडलं की मी तिथेच उभा राहतो आणि सावकाश चावून खातो. शेवटचा कण उतरेपर्यंत हलत नाही.

घरात कुणाचे उपास अचानक वाढले, तर पाया पडण्याआधी त्यांच्यासमोर जेवायला बसा. एवढंच सांगायचं होतं.

अक्का, आज सोमवार.
नाचणीची भाकरी केली होती. तुझ्यासारखी अजून जमत नाही, कडा फाटतात.

पण जेवलो गो.