खाली म्हणजे रिकामी

औशाजवळच्या आमच्या शाळेत शनिवारी शेवटचा तास गाण्याचा असतो. तो मी मुद्दाम मागून घेतला आहे. मी नांदेडची, लग्नानंतर लातूरची. गाण्याच्या चार परीक्षा दिल्या आहेत आणि चारही परीक्षांचा मला थोडा गर्व आहे. त्या गर्वातच मी चौथीच्या वर्गाला पहिला ताल शिकवायला घेतला, दादरा. फळ्यावर सहा आकडे लिहिले. एकवर टाळी, तिला सम म्हणायचं. चारवर टाळी नाही, तिला खाली म्हणायचं. "चला, सुरू," मी म्हणाले.

एकवर सगळ्या वर्गाची टाळी पडली. चारवर सगळ्या वर्गाचे हात धाडकन फरशीवर आपटले.

पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मला राग लवकर येतो आणि आलेला लपत नाही. "अरे, खाली म्हटलं ना मी?" असं मी ओरडले, तर पोरं बिचारी आणखी वाकली, काहींनी बसकरपट्टी उचलून तिच्याही खाली हात घातले आणि तिथं बडवायला सुरुवात केली. शेजारच्या वर्गातले गुरुजी दारातून डोकावून गेले.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर वर्गातल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. त्यांचं गावात किराणा दुकान आहे, आणि मुलगी अभ्यासात हुशार. "मॅडम, गाण्यानं मार्क पडत न्हाईत," ते सरळ म्हणाले. "त्या तासाला शिष्यवृत्तीचे पेपर सोडवून घ्या. लातुरात पोरं पहाटं पाचला क्लासला बसाय लागलीत, अन् आमची फरशी बडवून राहिलीत."

मी त्यांना ऑफिसात घेऊन गेले. मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला, महिनाअखेरच्या पालकसभेत ठरवू. त्या दिवशी बसमधून घरी जाताना मी रडवेली झाले होते. आठवड्याचे बाकी तास मी नेमून दिलेत म्हणून घेते, या एका तासाची वाट बघते. तो जाऊ नये असं मला फार फार वाटत होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी ओट्यावर डबा खात होते. समोरच दुकानदारांची ती मुलगी मैत्रिणीपुढे मांडी घालून बसली होती आणि दोघींचा टाळ्यांचा खेळ रंगला होता.

ज्वारीच्या ताटाला कणीस किती,
मोजून सांग गं, उगीच भीती.

एकदा समोरचीच्या तळव्यांवर टाळी, दोनदा स्वतःच्या मांडीवर. मग दोघींचे हात परत पुढं यायचे, पण एकमेकींना न शिवता बाजूनं निघून जायचे, आणि पुन्हा मांडीवर दोन. मध्येच मैत्रीण चुकली, न शिवायच्या जागी तिनं टाळी दिली. ही करवादली, "ये येडे, ही खाली जाती. हितं वाजवायचं न्हाई."

माझा घास हातातच राहिला. मोजल्या तर मात्रा सहा होत्या, आणि चौथीवर टाळी नव्हती.

"खाली म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"रिकामी की, मॅडम. इष्टी खाली आली, डबा खाली झाला, तसं." मग तिनं जरा संशयानं माझ्याकडं बघितलं. "तुमची खाली बी हीच व्हय? मंग तसं सांगायचं की."

नांदेडला रिक्षावाल्यांना "भैया, खाली है क्या" असं विचारतच मी मोठी झाले. पण गाण्याच्या पुस्तकात तोच शब्द भेटला, तेव्हा मी तो पाठ करून टाकला. ओट्यावर बसून मी इतकी हसले की डब्यातली चटणी सांडली.

त्या शनिवारी फळा कोरा ठेवला. वर्गाला जोड्या करून बसवलं आणि ज्वारीचं गाणं सुरू केलं. दादरा अर्ध्या तासात आला. पुढच्या शनिवारी फुगडी घेतली. आधी सावकाश, मग गाणं त्याच लयीत ठेवून पावलं दुप्पट. दुगुन म्हणजे काय हे मला समजावून सांगावंच लागलं नाही. पहिल्यांदा लाजणाऱ्या मुलांनी नंतर मुलींना बाजूला सारून सगळं मैदान अडवलं. मीही एक फुगडी घातली आणि दोन दिवस जिना उतरताना कण्हत होते.

पालकसभेला व्हरांड्यात सतरंजी पसरली. मी भाषण लिहून आणलं होतं, ते पर्समध्येच राहू दिलं आणि प्रत्येकाला आपापल्या लेकरासमोर बसायला सांगितलं. दुकानदार "मला दुकान उघडायचंय" असं पुटपुटत बसले. गाणं सुरू झालं. चौथ्या मात्रेला मुलीचे हात बाजूनं निघून गेले आणि वडील टाळी द्यायला गेले ते पुढंच कलंडले.

"पप्पा, खाली हाय ती," मुलगी म्हणाली. "हात जाऊ द्या नुसते."

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा तिनं कपाळाला हात लावला. चौथ्या फेरीला ते ओठ हलवत मोजायला लागले, आणि जमलं. आजूबाजूच्या आया हसत होत्या, दुकानदारांचं तिकडं लक्षच नव्हतं. मुलीनं लय वाढवली, त्यांनीही वाढवली.

मुख्याध्यापकांनी रजिस्टर उघडलं. "आता गाण्याच्या तासाचा विषय. शिष्यवृत्तीला द्यायचा का, बोला."

सगळे दुकानदारांकडं बघायला लागले. त्यांनी मान वर केली नाही.

"थांबा की सर," ते म्हणाले, "आमचं चालू हाय."