दोन संवादांमधली जागा

कोथरूडहून मंडईला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये एक बाई महिनाभर माझ्या शेजारी बसत आणि मोबाइलवर एक जुना मराठी सिनेमा लावत. थोडा बघून झाला की तो थांबवत, डोळे मिटत, काहीतरी पुटपुटत आणि मांडीवर बोट आपटत. मला वाटे, गाणं पाठ करताहेत.

एकदा त्याच म्हणाल्या, "अहो, रोज डोकावता, त्यापेक्षा एकदा विचारून टाका."

मी ओशाळले, पण विचारलं. अंधांना सिनेमा कळावा म्हणून त्या त्यात निवेदन भरत होत्या. दोन संवादांच्या मधे जी शांतता असते, तेवढ्यात पडद्यावरचं सांगायचं. बोटाने त्या सेकंद मोजत होत्या.

"हे बघा, इथे चार सेकंद आहेत. सांगा."

मुलगा घर सोडून निघाला होता आणि म्हातारा बाप चष्मा पुसत होता.

"बापाला फार वाईट वाटलंय," मी म्हणाले.

"ते ऐकणाऱ्यांना आवाजावरून कळलंय. दिसतंय काय?"

मी पुन्हा पाहिलं. "धोतराच्या सोग्याने एकच काच पुसतोय. मघापासून तीच."

"हं, हे चालेल," म्हणत त्यांनी ते वहीत उतरवलं. परीक्षेत पास झाल्यासारखी मी मंडईला उतरले.

पुढच्या आठवड्यापासून त्या दिसल्याच नाहीत. आज त्यांच्याविषयी लिहायला बसले आणि पहिलं वाक्य लिहिलं, 'बाई फार हुशार होत्या.' लगेच खोडलं. मग त्यांचा चेहरा लिहायला घेतला, तर आठवेना. महिनाभर मी त्यांच्या मोबाइलकडेच बघत होते.