खांब पुरण्याआधीचा पंधरवडा

आमचं रेडमंडचं टाउनहाउस तीन मजल्यांचं होतं. तळाला गॅरेज, मधे स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. घर घेताना आम्हाला त्या जिन्यांचं कौतुकच होतं, आपोआप व्यायाम होतो म्हणून. मग नवऱ्याचा उजवा पाय अडखळायला लागला. बरेच महिने त्याने बुटांना दोष दिला. शेवटी डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं. एकेक स्नायू काम सोडत जाणार, डोकं तेवढं शेवटपर्यंत शाबूत राहणार, आणि उपाय काही नाही. गाडीत बसल्यावर मी रडत होते आणि हा म्हणाला, "आता पहिलं काम म्हणजे त्या जिन्यांचं." मला त्याचा असा राग आला की मी घरापर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

पोल बार्नची कल्पना त्याला ऑफिसातल्या कोणीतरी दिली. जाड लाकडी खांब थेट जमिनीत पुरायचे, त्यांच्यावर छप्पर चढवायचं, बाजूंना पत्रे ठोकायचे. इथले शेतकरी त्यात ट्रॅक्टर आणि गवताचे भारे ठेवतात. हल्ली लोक अर्ध्या भागात गॅरेज करतात आणि अर्ध्यात राहतात. आम्हाला तेच हवं होतं, सगळं एका पातळीवर. पलंगावरून व्हीलचेअरवर, व्हीलचेअरवरून थेट व्हॅनमध्ये, अंगावर पावसाचा थेंब न पडता. शिवाय असं घर लवकर उभं राहतं, आणि आमच्याकडे वेळच नव्हता. नागपूरच्या माझ्या मावशीला मी फोनवर हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अगं बाई, अमेरिकेत जाऊन गोठ्यात राहणार होय गं?" मी म्हटलं, हो मावशी, आणि म्हशीही घेणार आहोत.

डोंगराच्या पायथ्याशी आम्ही जागा घेतली, आणि उन्हाळाभर त्या बार्नचा नकाशा केला. आमच्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढायची, जमिनीवर चिकटपट्टीने खोल्या आखायच्या, मी ऑफिसच्या खुर्चीत बसून त्या खोल्यांतून फिरायचं आणि त्याने काठी टेकवत मागे यायचं. "वळ. आता ओट्यापाशी जा. हात पोचतो का?" प्रत्येक गोष्ट खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उंचीने ठरली. दिव्याची बटणं खाली आली, खिडक्या खाली आल्या, ओटा, बेसिन, कपाटाच्या कड्या, सगळं खाली आलं. एकदा स्वयंपाकघर गॅरेजला लागून असावं की नाही यावरून आमचं जुंपलं. तो म्हणे, फोडणीचा वास गाडीत बसेल. मी म्हटलं, बसू दे, गाडीलाही कळू दे कोणाच्या घरची आहे ते. तो इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. त्या उन्हाळ्यात आम्ही सुखात होतो असं म्हटलं तर कोणाला पटणार नाही, पण होतो.

बांधकाम करणारा लाल दाढीचा, तुटक बोलणारा माणूस होता. सप्टेंबरात त्याला दोन कामांच्या मधे थोडी सवड होती. "सोमवारी मशीन आणतो, खड्डे घेतो, खांब उभे करतो. एकदा छप्पर चढलं की आत काम करायला पाऊस आडवा येत नाही," असं तो म्हणाला. परवानगी हातात आली होती, लाकूड जागेवर येऊन पडलं होतं. इथला पाऊस ऑक्टोबरात लागतो तो पार एप्रिलपर्यंत.

रविवारी नेहमीप्रमाणे पुण्याला व्हिडिओ कॉल झाला. माझ्या सासूबाई तिथे एकट्या राहतात. नवऱ्याने उत्साहाने सांगितलं, "आई, उद्या खांब पुरतोय."

त्यांचा चेहरा उतरला. "उद्या? अरे, पक्ष चालू झालाय ना. पितृपंधरवड्यात कोणी घराचा खांब पुरतं का? तुझी तब्येत ही अशी. घटस्थापनेला करा, बाळा. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?"

मला हसू आलं. आमच्या लग्नात भटजींना प्रत्येक मंत्राचा अर्थ विचारून ज्याने घाम फोडला तो हा माणूस. गाडी घेतली तेव्हा तिला हार घालायला निघाले तर मला वेड्यात काढणारा. आता आईची कशी समजूत काढतो ते बघत मी बसले होते. तो म्हणाला, "बरं आई. थांबतो."

फोन ठेवल्यावर मी खूप भांडले. पाऊस कोणाच्या पितरांसाठी थांबत नाही, हे म्हणाले. तुझ्या आईला तिथे बसून काय कळतंय, हेही म्हणाले. अ‍ॅशबर्नला आमची मुलगी नोकरी करते, तिला फोन लावला. ती म्हणाली, "मॉम, जस्ट टेल देम टु डिग. ही विल गेट ओव्हर इट." तो सगळं ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "डॉक्टर म्हणतात करण्यासारखं काहीच नाही. आई म्हणते, एवढं एक करू नकोस. निदान कोणीतरी मला काहीतरी सांगतंय, यार."

तो इतका घाबरलेला असेल हे मला तोवर कळलंच नव्हतं. मी सोमवारी सकाळी फोन करून मशीन थांबवलं.

लाल दाढीवाल्याने कारण विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे हे दिवस मेलेल्यांचे असतात. तो "सॉरी फॉर युअर लॉस" म्हणाला आणि दुसऱ्या कामावर गेला. तो मोकळा होईपर्यंत घटस्थापना झाली होती आणि पाऊस लागला होता. त्याचं मशीन आमच्या जागेवर चाकापर्यंत रुतलं. खड्डा घेतला की पाण्याने भरायचा. त्याने हात टेकले आणि सांगितलं, आता एप्रिल.

दिवाळीपर्यंत नवरा बसून, एकेक पायरी घसरत खाली यायचा. मग तेही बंद झालं. तो वरच्या खोलीत राहिला, मी खालून वर ताटं नेली. दवाखान्यात न्यायचं तर अग्निशमन दलाचे लोक यायचे आणि त्याला खुर्चीला बांधून त्या अरुंद जिन्यावरून उतरवायचे. तो डोळे मिटून घ्यायचा. हात गेले, मान गेली, थंडी सरता सरता आवाज गेला. सासूबाई रोज विचारायच्या, "झालं का गं सुरू?" मी "पाऊस आहे" म्हणून फोन ठेवून द्यायचे. मला त्यांचा तिरस्कार वाटायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा चालला होता, हे मला दिसत होतं, तरीही वाटायचा. सप्टेंबरात सुरू केलं असतं तर थंडीत तो त्या घरात खुर्चीवरून फिरला असता. खिडकीपाशी गेला असता. स्वतःच्या हाताने एखादा दिवा लावला असता. दुसरं काही बदललं नसतं, पण एवढं झालं असतं.

एप्रिलमध्ये जमीन वाळली आणि बार्न खरंच भराभर उभा राहिला. जुलैत आम्ही राहायला गेलो. नवऱ्याला अँब्युलन्समधून आणलं. गॅरेजचा मोठा दरवाजा उघडला आणि स्ट्रेचर थेट पलंगापर्यंत गेलं, वाटेत कुठे अडलं नाही. नकाशा बिनचूक होता. पण त्याला आता खुर्चीतही बसवता येत नव्हतं. बुटकी बटणं आणि बुटका ओटा माझ्या वाट्याला आला. दिवसभर वाकून माझी पाठ धरायची.

तो उताणा पडून असायचा. वर छताला पांढरे पत्रे होते, पत्र्यांना स्क्रू होते. लाल दाढीवाल्याने विचारलं होतं छताला काय लावू, आणि मी म्हटलं होतं, नेहमीचं काय असेल ते. उन्हाळाभर आम्ही इंच इंच लढवला होता, पण वर दोघांपैकी कोणी पाहिलं नव्हतं.

पहिल्या रविवारी सासूबाईंचा कॉल आला. त्या नवी साडी नेसून बसल्या होत्या. "मला घर दाखव ना गं," म्हणाल्या. "त्याने सगळं स्वतः आखलंय. सगळं दाखव."

मी फोन नवऱ्याच्या उशीवर, त्याच्या गालाला लागून, कॅमेरा वर करून ठेवला.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "अगं, काहीच दिसत नाहीये."

"आई," मी म्हटलं, "त्याला एवढंच दिसतं."