मांजरीचं शेंदाड

वारज्याच्या प्रेमलाताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, पण त्यांचा जीव अडकलेला काकडी-खरबुजाच्या कुळात. या कुळातल्या बहुतेक रानटी जाती आफ्रिकेतल्या, म्हणून मूळही तिथलंच, असं पूर्वी मानलं जाई. पुढे जनुकांच्या अभ्यासातून ते आशियातलं असावं असं दिसलं; इथून हे कुळ आफ्रिकेत गेलं, ऑस्ट्रेलियालाही पोचलं. या प्रवासात आपल्याकडची शेंदाडं, म्हणजे रानटी खरबुजं, कुठे बसतात, हे ताईंना शोधायचं होतं.

मांजरी गावात उसाच्या बांधावर त्यांना एक वेगळाच वेल दिसला. त्याच्या मूठभर बिया त्यांनी घरी आणल्या. वर्षभरात त्या बांधावर इमारत उठली. बिया मात्र सगळ्या गच्चीतल्या कुंड्यांत रुजल्या आणि ताईंचे यजमान बद्रीनाथ त्या वेलांच्या नादी लागले. टपाल खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस सकाळी कुंचल्याने एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावत बसायचा.

"कुठवर पोचली तुझी काकडी?" ते विचारायचे.

"आफ्रिकेत."

"छान. आपण अजून वारज्यातच."

ऐन उन्हाळ्यात बद्रीनाथांचं हृदय थकलं. फळं नुकती धरली होती. ताई दवाखान्यातच राहिल्या. कुंड्यांचा त्यांना पार विसर पडला. एका दुपारी बद्रीनाथ पुटपुटले, "पाणी घातलंस ना?"

"घातलं हो."

"फळं?"

"चांगली पोसलीत."

ते समाधानाने हसले. दोन दिवसांनी गेले.

बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले, तेव्हा ताई गच्चीवर गेल्या. वेल काड्यांसारखे वाळले होते. कोवळी फळं सुकून गेलेली. एकातही बी भरलं नव्हतं. सोबत आलेल्या विद्यार्थिनीला, तनुजाला, त्यांनी दवाखान्यातलं ते खोटं सांगून टाकलं.

तनुजा हळूच म्हणाली, "मॅडम, वाळलेल्या पानांतूनही डीएनए मिळेल. नेऊ का?"

ताईंनी होकारार्थी मान हलवली.

डीएनए मिळाला. शोधनिबंधातल्या वंशवृक्षावर मांजरीच्या शेंदाडाला स्वतंत्र फांदी मिळाली. लोकांनी अभिनंदन केलं. ताई तनुजाला घेऊन पावसाळाभर मांजरीच्या आसपासचे उरलेसुरले बांध धुंडाळत होत्या. तसा वेल कुठेच सापडला नाही.

परतताना तनुजाने विचारलं, "सरांना खरं सांगायला हवं होतं, असं वाटतं का हो?"

"नाही," ताई म्हणाल्या. "पण आमच्या दोघांत ते मला एकटीलाच ठाऊक आहे, हे सोसवत नाही."