ओठ न लावता

कुंभकोणम्‌च्या बसस्थानकामागे, आडुतुरैच्या गाड्या जिथे वळण घेतात, तिथे चंद्रमौळीचे कॉफीचे दुकान आहे. पहाटे तिथे आधी वास उजाडतो, मग आभाळ. फिल्टरमधून काळी धार थेंबाथेंबाने उतरते, दुधाला साय धरते, आणि चंद्रमौळी पितळी पेल्यातली कॉफी हातभर उंचावरून वाटीत ओततो, परत पेल्यात घेतो. गावाकडची म्हातारी माणसे त्यासाठी एक बस सोडतात. खोटे नव्हे.

त्या मुलखात चांगल्या घरचा माणूस भांड्याला ओठ लावत नाही. मान मागे टाकायची, पेला उंच धरायचा आणि धार थेट घशात सोडायची. चंद्रमौळीच्या घरात तर हे दुधाच्या दातांबरोबर शिकवलेले. त्याचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात या कावेरीकाठी आले. राज्य गेले. घरात जुनी मराठी राहिली आणि जुने सोवळे राहिले. उष्ट्याची त्याला इतकी किळस, की पोरपणी आईच्या ताटातला घासही त्याच्या घशाखाली उतरत नसे.

अशा माणसाने येशूची वाट धरावी याचे लोकांना अजून नवल वाटते. झाले ते असे. ऐन तारुण्यात तो विषमज्वराने मिशनच्या दवाखान्यात पडला होता. तिथली एक नर्स त्याची ओकारी हातांनी पुसत असे. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत राही. किळस येणार, आत्ता येणार, असे त्याला वाटे, आणि ती येत नसे. हिची किळस गेली कुठे, एवढाच प्रश्न घेऊन तो बरा झाल्यावर देवळाच्या रस्त्याऐवजी चर्चच्या रस्त्याला लागला. बायको कामाक्षी त्याच्यामागून गेली नाही. तिने आपले देव आपल्या कोनाड्यात ठेवले आणि नवऱ्याला आपल्या मनात. दोघांचे बरे चालले.

पहिल्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला, तो वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसला. चांदीचा एकच प्याला, आणि तो ओठांमागून ओठांना लागत येत होता. पानसुपारीने लाल झालेले ओठ, भेगाळलेले ओठ, मिशांत लपलेले ओठ. प्याला त्याच्यापाशी आला तेव्हा किळसही आली. त्याने डोळे मिटले, ओठ लावले, गिळले. बाहेर येऊन भिंतीला धरून तो बराच वेळ उभा होता. पण आठवडाभर तोच घोट त्याच्या मनात राहिला. पुढे दर रविवारी त्याला तशीच किळस येई, आणि दर रविवारी तो ती गिळी. त्याचा धर्म एवढाच होता. पाठांतर त्याला जमले नाही, गाता तर येतच नव्हते.

मग महामारी आली. प्याला कपाटात गेला आणि ताटात मांडलेल्या बोटभर प्लॅस्टिकच्या कपांतून द्राक्षरस येऊ लागला. रोगाचे दिवस होते, त्याने काही म्हटले नाही. रोग गेला, कप राहिले. त्यांच्या सोबतीला आणखीही बरेच काही आले: भिंतीएवढा पडदा, निळेजांभळे दिवे, गाण्याच्या वेळी धूर सोडणारे यंत्र. उपासना मोबाइलवर थेट दिसू लागली. लोक आमेन म्हणण्याआधी केस सारखे करू लागले. गरिबांना साडी वाटताना ती बाई कॅमेऱ्याकडे बघेपर्यंत साडी हातातून सुटत नसे. हे पाहिले की नासलेल्या दुधाचा वास यावा तसे चंद्रमौळीचे नाक आक्रसे.

पवित्र गुरुवार जवळ आला. ज्या रात्री येशूने एकच प्याला सगळ्यांपुढे धरला, निदान त्या दिवशी तरी चांदीचा प्याला काढावा, असे त्याने चर्चच्या समितीच्या बैठकीत सांगितले. समितीचा चिटणीस गिरीश. मोबाइलचे दुकान, गोड जीभ. आता लोकांना स्वच्छता लागते, असे तो म्हणाला. रोग तर गेला, असे चंद्रमौळी म्हणाला. थोडे इकडचे तिकडचे झाले, आणि मग गिरीशने खुर्ची पुढे ओढली.

“उघडच सांगतो, अण्णा. ती नागलक्ष्मी. बसस्थानकाचे संडास धुणारी. आता ती सभासद झाली. तिच्या मागून आमच्या घरच्या बायका त्या प्याल्याला ओठ लावतील?”

उपासना चालवणारे पाळक पडद्याची वायर तपासू लागले. चंद्रमौळीला त्या खोलीचीच शिसारी आली, तिथल्या सेंटच्या वासाची, टेबलावरच्या बिस्किटांची.

“तिचा बाप्तिस्मा याच पाण्यात झाला ना?” त्याने विचारले.

गिरीश हसला. “झाला की. पण तुमच्या दुकानात ती कॉफी कशात पिते, अण्णा? पितळी पेल्यात?”

सगळे हसले. पाळकही.

चंद्रमौळी घरी आला तो चप्पल न काढताच ओट्यावर बसला. नागलक्ष्मी रोज सकाळी यायची. बाकावर न बसता नळाशी उभी राहायची. तो तिला कागदी कपात कॉफी द्यायचा. घाईच्या गिऱ्हाइकांसाठी ते कप ठेवले होते, असे तो स्वतःला सांगत आला होता. पण नागलक्ष्मीला कधी घाई नसे, आणि तिला पेला हवा का, असे त्याने कधी विचारले नव्हते.

कामाक्षीने सगळे ऐकून घेतले. ती भाताला वाफ येऊ देत होती.

“देव सोडिलात,” ती म्हणाली, “सोवळें मात्र काखेंत मारून घेऊन गेलात. मी निदान माझें कोनाड्यांत तरी ठेवितें. उघड्यावर.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही. आजवर जगाच्या उष्ट्याची किळस केली. आता आपल्याच तोंडाची चव त्याला नकोशी झाली.

दुसऱ्या दिवशी नागलक्ष्मी नळाशी आली तेव्हा त्याने पितळी पेला वाटीत ठेवून तिच्यापुढे धरला. बाकावरची माणसे वळून बघू लागली. तांदळाच्या एका व्यापाऱ्याने अर्धी कॉफी तशीच ठेवली आणि तो उठून गेला. नागलक्ष्मीने पेला घेतला, मान मागे टाकली आणि उंचावरून, थेंबही न सांडता, सगळी कॉफी प्यायली. पेल्याला तिचा ओठ लागला नाही. मग तिने तो नळाखाली स्वतः विसळला.

“ओठ लावून प्यायचं होतंस, अम्मा,” चंद्रमौळी हळूच म्हणाला.

“का? गिरीश अय्यांना दाखवायला?” तिने पेला पालथा घातला. बैठकीतले बोलणे सकाळपर्यंत स्थानकभर झाले होते. “इतकी वर्षं मी इथे उभी आहे, तेव्हा तुम्हाला पेला सापडला नाही. आता तुमचं भांडण झालं, तर माझा ओठ पाहिजे. मला कॉफी पुरे, अय्या. तमाशा नको.”

ती गेली. ती गेल्यावर त्याने कागदी कपांची सगळी चवड चुलीत घातली. कपांवरच्या मेणाचा घाणेरडा धूर दुकानभर झाला, गिऱ्हाइके खोकली. त्या दिवसापासून तिथे आलेल्या प्रत्येकाला पितळी पेलाच मिळतो. घाई असेल त्याने पुढच्या दुकानी जावे. काही गेलेही. नागलक्ष्मी येत राहिली, उंचावरून पीत राहिली. एकदा साखर कमी पडल्याचे तिने तोंडावर सांगितले. याहून जास्त काही ती बोलली नाही.

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी चांदीचा प्याला निघाला नाहीच. दिवे निळे झाले, धूर सुटला. लोक रांगेने कठड्याशी जाऊन गुडघे टेकू लागले. नागलक्ष्मीला नेहमी शेवटच्या रांगेत धाडत. चंद्रमौळी मुद्दाम मागे राहिला आणि तिच्या शेजारी जाऊन टेकला. भाकर मिळाली. मग गिरीश ताट घेऊन आला. चंद्रमौळीने हात पुढे केला नाही. घ्या, अण्णा, लोक बघतात, असे गिरीश दातांतल्या दातांत म्हणाला. चंद्रमौळीने नकारार्थी मान हलवली.

नागलक्ष्मीने आपला कप घेतला. बोटभर कप, त्यातले काय उंचावरून ओतणार. तिने तो ओठांना लावला, अर्धा प्यायली, आणि समोर बघतच उरलेला शेजारी सरकवला.

“घ्या,” ती पुटपुटली. “आज मला द्यायचा आहे.”

कपाच्या कडेवर तिच्या ओठाचा ओला ठसा होता. फिनेलचा वास तिच्या बोटांतून कधीच जात नसे, तो प्लॅस्टिकला लागला होता. चंद्रमौळीला किळस आली, अगदी त्या पहिल्या दिवसासारखी. त्याने डोळे उघडे ठेवले, तिच्या ओठांच्या जागीच आपले ओठ लावले आणि गिळले.

मागे मोबाइल धरून उभ्या असलेल्या माणसाने कॅमेरा झटकन छताकडे वळवला. घरी बसून उपासना पाहणाऱ्यांना तेवढा वेळ पंखा फिरताना दिसला.