साडूंची लाइटखरेदी

दोन वस्तू शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ज्यांनी आयुष्यात काहीच घरात आणलं नाही असे गृहस्थ शोधायला निघालात, तर तुम्हाला बिदरकडच्या दुबलगुंडीला आमच्या साडूंच्या दारातच यावं लागेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी त्यांना अण्णा म्हणतो. गावात खत-बियाण्यांचं दुकान, थोडी शेती, घरात मराठी, पूजेला कानडी आणि बाजारात घासाघीस करायला खणखणीत दखनी हिंदी. चप्पल घ्यायची तर डाव्या पायात एका दुकानातली आणि उजव्या पायात दुसऱ्या दुकानातली घालून ते हुमनाबादच्या बाजारात फेरी मारून येतात, आणि दोन्ही दुकानदार त्यांना तसं करू देतात. कलिंगड घेताना ते मला वाजवायला लावतात आणि स्वतः चार पावलं लांब उभे राहून ऐकतात, कारण जवळून सगळीच कलिंगडं गोड वाजतात असं त्यांचं म्हणणं. एकदा डॉक्टरांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं, तर यांनी आणखी एखादं लिहा म्हणून सांगितलं, दोन्हीची चव बघून ठरवतो म्हणाले. अक्का, म्हणजे त्यांची बायको, याला इतकी सरावली आहे की आजची भाजी वाढताना ताटाच्या कडेला कालचीही चमचाभर वाढते. "न्हाई वाढली तर मागत्यात," ती मला म्हणाली, "मग आधीच वाढलेली बरी."

अशा माणसावर गावानं नाटकाचे लाइट आणायचं काम सोपवलं, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. दुबलगुंडीत दर बसवजयंतीला संध्याकाळी समुदाय भवनात नाटक होतं. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या संतांच्या जीवनावरचं, गावातच लिहिलेलं. संवाद मराठीत आणि वचनं, म्हणजे शरणांची पदं, कानडीत. मुख्य भूमिका वर्षानुवर्षं एकाच माणसाची. ते म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. वय सत्तरीच्या पुढं गेलेलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण त्यांनी वचन उचललं की मागच्या रांगेत भुईमुगाच्या शेंगा फोडणाऱ्यांचे हातसुद्धा थांबतात. मागच्या वर्षी भाड्यानं आणलेले लाइट वरातीतले होते, सारखी उघडझाप करणारे. ऐन प्रवेशात त्यातला एक थेट गुरुजींच्या डोळ्यांवर आला. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं, आणि तिथं स्टेज संपलेलं होतं. मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर ते कुणावर रागावले नाहीत. आता दुसरा कुणी बघा, एवढंच शांतपणे म्हणाले. दुसरा कुणी नव्हता, आणि गुरुजी नसतील तर नाटकच नाही, हे सगळ्यांना कळत होतं. गावच्या नाटक मंडळानं स्वतःचे लाइट घ्यायचं ठरवलं. वर्गणी जमली ती बेताचीच. तरुण मंडळींना आढ्यापर्यंत झोत फेकणारे, गरगर फिरणारे लाइट हवे होते. खरेदी मात्र अण्णांवर सोपवलेली. ते उठून गुरुजींच्या घरी गेले आणि म्हणाले, "मी लाइट आणतो. तुमी एकदा त्यात उभं राहून बघा. न्हाई जमलं तर नाटकाचं नाव काढणार न्हाई." गुरुजींनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

खरेदीला साक्षीदार म्हणून अण्णांनी मला सोबत घेतलं. बिदरहून सकाळच्या गाडीनं आम्ही हैदराबादला गेलो. त्यांच्या पिशवीत एक वांगं, एक हळकुंड आणि अक्काच्या इरकली लुगड्याचा तुकडा होता. वांगं बघून मला जेवणाची काळजी लागली, पण विचारलं नाही. तिथल्या एका गल्लीतल्या लाइटच्या दुकानाच्या मालकानं, एका हसऱ्या तरुणानं, आधी त्याच्या लाडक्या लाइटचा झोत सोडला. भाल्यासारखा पातळ, समोरची भिंत भोसकून जाईल असा. याला बीम म्हणतात. दुसरा वॉश, त्याचा उजेड पसरट आणि कडा नसलेला, भिंतीवर हळूच उतरणारा. दोघांचीही मान यंत्रावरून हुकूम दिला की हवी तिकडं वळते. अण्णांनी दोन्ही शेजारी ठेवायला लावले, खुर्ची मागितली, आणि पिशवी उघडली. बीमच्या उजेडात वांगं कोळशासारखं काळं दिसलं, वॉशच्या उजेडात वांग्याच्या रंगाचं. हळकुंडाचं आणि लुगड्याचंही तसंच झालं. मग त्यांनी मला लाइटखाली उभं केलं, माझ्या तोंडावर उजेड कमी-जास्त करायला लावून मोबाइलवर चित्रण केलं आणि पडद्यावर पट्टे उमटतात का, म्हणजे उजेड लपलपतो का, ते तपासलं. मग डोळे मिटून बसले. दुकानदाराला वाटलं म्हातारा दमला. पण अण्णा लाइटमधल्या पंख्याचा आवाज ऐकत होते. "गुरुजी हळू बोलत्यात," ते मला म्हणाले. "ह्यो पंखा त्यांच्या वरताण बोलायलाय." त्यांच्या मनातून बीम तिथंच उतरला. यानंतर त्यांनी कुणाला न विचारता दोन्ही लाइटांचा प्लगच उपसला.

दुकानदार धावत आला. अण्णांनी शांतपणे प्लग परत बसवला आणि दोन्ही लाइटांकडं बघत राहिले. असे लाइट पुन्हा सुरू होताना आधी अंधारातच स्वतःची मान चहूकडं फिरवून घेतात, झोपेतून उठलेल्या माणसासारखी, आणि मगच कामाला लागतात. अण्णांनी तो सगळा व्यायाम दोनदा बघितला. दुकानदाराला राहवेना. "चाचा, लाइटां लेने कू आए क्या बहू देखने कू आए?" अण्णा म्हणाले, "बहू अपनी समझ से चलती जी. ये तो हम बोले वैसाच चलता. डर उसकाच है." तो पोट धरून हसला आणि त्यानं चहा मागवला. चहा पिता-पिता अण्णांनी बीम साफ नाकारले. गेल्या मोसमातले, म्हणून जरा स्वस्तातले दोन फिरते वॉश घेतले, आणि उरलेल्या रकमेत मान न हलवणारे साधे, स्थिर लाइट आणि त्यातल्या दोन लाइटांपुरती बॅटरी. हे साधे कशाला, असं मी विचारलं. "करंट गेला आन् फिरत्यांची मान फिरून होईस्तोवर गुरुजी कुटं बघतील?" ते म्हणाले.

गावात खोकी उघडली तेव्हा तरुणांचे चेहरे पडले. "अण्णा, कामून असं करायलाव? ह्यातले निम्मे तर हलतबी न्हाईत," त्यांचा पुढारी म्हणाला, आणि मंडळी अण्णांशी बोलेनाशी झाली. तालमीच्या दिवशी गुरुजी आले. स्टेजच्या कडेपर्यंत चालत गेले, मागं फिरले, पुन्हा गेले. अण्णा शिडीवर चढून लाइट बोटभर खाली, बोटभर वर करत होते, आणि अक्का खालून शिडी धरून त्यांना रागावत होती. गुरुजी स्टेजवरून उतरले आणि तसेच घरी गेले. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. अक्कानं कालची भाजी वाढली तरी नाही. दुसऱ्या दिवशी तालमीला गुरुजी आपली नाटकातली जुनी भगवी शाल घेऊन हजर झाले, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

प्रयोगाच्या संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं होतं. गुरुजींनी वचन उचललं आणि करंट गेला. पंखे थांबले, वरचे फिरते लाइट विझून माना टाकून बसले. पण स्टेजच्या दोन कोपऱ्यांतले साधे लाइट बॅटरीवर जळत राहिले. गुरुजींचा चेहरा आणि पुढची कड, एवढंच दिसत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. गुरुजी थांबले नाहीत. वचन अर्ध्यावर असताना करंट आला, वरचे लाइट अंधारात आपला व्यायाम करू लागले. यंत्रावर बसलेल्या अण्णांनी त्यांना तोवर विझलेलंच ठेवलं आणि मग हळूहळू, कुणाला कळणार नाही असा, उजेड वाढवत नेला. मी शेजारीच बसलो होतो. पडदा पडल्यावर अण्णा खुर्ची सोडून भिंतीला टेकून जमिनीवरच बसले.

गुरुजी कुणाचा हात न धरता पायऱ्या उतरून आले. "कडेपर्यंत दिसायलं होतं, अण्णा," ते म्हणाले. अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसायच्या निमित्तानं बराच वेळ तोंड झाकून ठेवलं.

घरी जाताना रस्त्यात लोक वचनाबद्दल बोलत होते, नाटकातल्या सैनिकाच्या सुटलेल्या मिशीवर हसत होते. लाइटबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मला वाईट वाटलं आणि मी तसं म्हणालो.

"न्हाई पाव्हणं," अण्णा म्हणाले, "लाइटाचं कुणी बोलंना, म्हंजे बरं झालं बगा."

पुढं गुरुजी एकटेच चालले होते, तेच वचन स्वतःशी गुणगुणत, सावकाश. त्यांना मागं टाकायला नको म्हणून अण्णांनी पाऊल आवरलं, अक्कानं आवरलं, मीही आवरलं. असं अजून किती वर्षं ऐकायला मिळेल हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. पण या वर्षीचं ऐकून झालं होतं.