डोळ्यांचा बाक

आईला काचबिंदू आहे. दर महिन्याला मी तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेतो, तेव्हा डोळ्यांच्या खोलीपुढच्या आमच्या बाकावर एक गृहस्थ हमखास असतात. सोनपेठकडचे, पन्नाशीचे, पांढरी टोपी मांडीवर घेऊन तिची कड सारखी चिमटीत दाबणारे. डोळे माझ्यापेक्षा चांगले. त्यांना जायचं असतं समोरच्या खोलीत, मनाच्या डॉक्टरकडे. पण त्या खोलीपुढच्या बाकावर ते कधीच बसले नाहीत.

"झोप न्हाई, जेवन जाईना, उगंच छातीत धडधड करतंय," त्यांनीच एकदा हळू आवाजात सांगितलं होतं. "गोळ्यांनी लय फरक हाय. पर गावात कळलं की येडा म्हणतेत. पोरीची सोयरीक जमायलीय."

परवा त्यांच्या गावची एक बाई चष्म्याचा नंबर काढायला आली आणि शेजारीच बसली.

"मामा, तुमी हितं?"

"मोतीबिंदू हाय म्हणतेत."

तेवढ्यात समोरच्या दारातून सिस्टरनं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. बाईनं चमकून मामांकडे पाहिलं, तेव्हा मला त्यांचं नाव कळलं. इथं ते लिहिणार नाही.

"दुसरा कोनी असंल," ते म्हणाले आणि उठून डोळ्यांच्या खोलीत शिरले.

बाहेर आले ते थेंबांची बाटली घेऊन. समोरच्या दाराकडे त्यांनी पाहिलंही नाही. महिन्याच्या गोळ्या न घेताच ते बसस्टँडकडे निघाले, बाटली सगळ्यांना दिसेल अशी धरून.